वापरलं त्यानं भरावं... पण वापरलं कुणी?

गेल्या आठवड्यात सकाळच्या फिरण्यानंतर आमच्या कट्ट्यावर विषय निघाला भाडेकरूंचा. आमच्या वयाच्या लोकांत हा विषय गुडघेदुखीच्या खालोखाल आवडता. एका बाईंच्या वरच्या खोलीचं लाईटबिल एकदम चौपट आलं होतं. भाडेकरू म्हणतो, मी एवढी वीज जाळलीच नाही. बाई म्हणतात, मग काय मी वर येऊन जाळली? शेजारी बसलेले बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "वाद कशाला घालता? डिपॉझिट आहे ना तुमच्याकडं? जाताना कापून घ्यायचं. विषय संपला."

सगळे हसले. मी हसले नाही. त्यांनी विचारलं, "काय बाई, पटलं नाही वाटतं?"

नाही पटलं. आणि का नाही पटलं ते तिथं चहाच्या कपासोबत सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहिते आहे. कारण हाच सल्ला मी एकदा अमलात आणला होता. कुणी न देताच!

सांगलीत विश्रामबागेत आमचं छोटं घर आहे. खाली मी राहते, वरच्या दोन खोल्या भाड्यानं देते. पेन्शनला तेवढाच हातभार, आणि वर माणसं असली की रात्री बरं वाटतं. २०१७ साली तिथं एक जोडपं राहायला आलं. तो कुपवाड एमआयडीसीत कामाला, ती घरीच, शिवणकाम करायची. वर्षभरानं बाळ झालं. भाडं साडेचार हजार, डिपॉझिट पंधरा हजार. वरच्या मजल्याला वेगळा मीटर, बिल माझ्या नावावर, भरायचं त्यांनी. महिन्याला साधारण ८० युनिट, म्हणजे पाचशे-साडेपाचशे रुपये. कधी एका दिवसाचा उशीर नाही.

२०१८च्या एप्रिलपासून बिलावर सरासरीचे आकडे येऊ लागले. रीडिंग घ्यायला कुणी आलंच नाही, की येऊन चुकीचा फोटो काढून गेलं, देव जाणे. चार महिने तेच ८० युनिट, तेच पाचशे रुपये. मी काही बघितलं नाही. त्यांनीही नाही. आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला बिल आलं ५,४०० रुपयांचं! युनिट ५३०.

तो संध्याकाळी बिल घेऊन खाली आला. "काकू, काहीतरी चुकलंय हो. आमच्याकडं आहे काय? एक फ्रीज, दोन पंखे, टीव्ही आणि हिचं मशीन."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "अरे, मीटर खोटं बोलत नाही. बाळ झाल्यापासून गरम पाणी, इस्त्री, रात्रभर लाईट... लक्षात येत नाही आपल्या." चाळीस वर्षं पोरांना शिकवल्यावर आवाज असा लागतो की समोरच्याला आपलंच चुकलं असेल असं वाटायला लागतं. तो गप्प झाला. त्यानं नेहमीचे साडेपाचशे दिले. उरलेले ४,८५० मी भरले आणि सांगितलं, घर सोडताना डिपॉझिटमधून वळते करू.

पुढचे तीन महिने बिल बाराशे-साडेबाराशेचं आलं. त्यांनी ते भरलं. नोव्हेंबरअखेर त्यांनी खोल्या सोडल्या. मी १०,१५० रुपये मोजून हातावर ठेवले. बाळाला झबलं दिलं. आपण फार व्यवस्थित वागलो असंच मला वाटत होतं.

डिसेंबरभर खोल्या रिकाम्या होत्या. कुलूप माझ्या हातचं, किल्ली माझ्या कपाटात. जानेवारीत त्या बंद खोल्यांचं बिल आलं. ९२ युनिट.

बिल हातात घेऊन मी जिन्यातच बसले. फ्रीज नाही, पंखा नाही, बाळ नाही, इस्त्री नाही. मग ९२ युनिट जाळले कुणी?

वायरमनला बोलावलं. त्यानं वरच्या खोल्यांचा मेन स्विच बंद केला आणि मला जिन्याखाली मीटरपाशी नेलं. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतच होता. "बाई, मेन बंद आहे, तरी मीटर पळतोय. म्हणजे मधनंच कोणतरी वीज खातंय." दहा मिनिटांत सापडलं. एप्रिलमध्ये मी बोअरची मोटार बदलून घेतली होती. दीड हॉर्सपॉवरची नवी. त्या वेळी कारागिरानं नव्या स्टार्टरला वायर जोडली ती वरच्या मीटरवरून. त्याला तीच जवळ पडली असणार. मोटार रोज दोन तास चालायची, माझ्या टाकीसाठी आणि माझ्या बागेसाठी. दिवसाला तीन युनिट, महिन्याला नव्वद. त्यातलं थोडं पाणी वरच्या नळालाही जायचं हे खरं, पण पाणी भाड्यातच धरलेलं होतं.

म्हणजे आठ महिने माझी जास्वंद आणि माझा कढीपत्ता त्या दोघांच्या पैशावर पाणी पीत होते.

याहून लाजेची गोष्ट पुढं आहे. मी माझी जुनी बिलं काढून बघितली. एप्रिलपासून माझं बिल नव्वदेक युनिटनं कमी झालं होतं! आणि मला ते तेव्हा दिसलंही होतं. मी सगळ्यांना सांगत होते की एलईडीचे दिवे लावले, बघा कसा फरक पडला! दोन्ही बिलं शेजारी शेजारी ठेवली असती तर चौथीच्या मुलालाही वजाबाकी सुचली असती. मला सुचली नाही, कारण एक बिल "माझं" होतं आणि एक "त्यांचं". आपलं कमी झालं की आपली हुशारी, दुसऱ्याचं वाढलं की त्याची उधळपट्टी.

हिशोब केला. डिपॉझिटमधले ४,८५० आणि पुढच्या तीन महिन्यांचे जादाचे २,२५०, एकूण ७,१०० रुपये. वीज कंपनीच्या ऑफिसात अर्ज दिला तेव्हा आणखी एक चूक निघाली. पाच महिन्यांचे साठलेले युनिट एकाच महिन्याचे धरून वरच्या दरानं लावले होते. ते महिन्यांत विभागून लावायला हवे होते. १,०८५ रुपये पुढच्या बिलात वजा झाले. एका अर्जानं! तो अर्ज बिल आलं त्याच दिवशी करायला मला कुणी अडवलं होतं?

पैसे घेऊन मी त्यांच्या नव्या घरी गेले. तो कामावर होता. मी सगळं सांगितलं, पाकीट पुढं केलं. ती पोरगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पैशाचं जाऊ दे काकू. मी तीन महिने रात्री फ्रीज बंद करून झोपत होते. आणि इस्त्रीवरनं आमची दोनदा भांडणं झाली. हे म्हणायचे, तूच काहीतरी चालू ठेवतीस. मलाही वाटायला लागलं होतं, की आपणच विसरत असू."

७,१०० रुपये परत करता आले. हे कसं परत करायचं?

म्हणून माझा त्या "डिपॉझिटमधून कापा" सल्ल्यावर राग आहे. डिपॉझिट ही ठेव आहे, दंडाची पेटी नव्हे. ज्याच्या हातात दुसऱ्याचे पैसे आधीच आहेत, त्यानं स्वतःच फिर्यादी व्हायचं, स्वतःच न्यायाधीश व्हायचं आणि वसुलीही स्वतःच करायची, याला हिशोब म्हणत नाहीत. वर्गात पेन्सिल हरवली की आधी सगळ्यात गरीब पोराचं दप्तर उघडणारे शिक्षक मी बघितले आहेत. मी कधी तसं केलं नाही याचा मला अभिमान होता. घरी मात्र मी तेच केलं.

"वापरलं त्यानं भरावं" हे तत्त्व मला मान्य आहे. कुणाला मान्य नसेल? पण त्या वाक्यात भरायच्या आधी "वापरलं" हा शब्द येतो, आणि तो सिद्ध करावा लागतो. तो कुणी सिद्ध करायचा? माझं म्हणणं स्पष्ट आहे: घरमालकानं. कारण मीटर त्याच्या नावावर. वायरिंग त्याचं. कुठली वायर कुठं जाते हे त्याला, नाहीतर त्याच्या वायरमनला ठाऊक. वीज कंपनी तक्रार ऐकणार ती प्रथम त्याची. बिलाचा एसएमएससुद्धा त्याच्याच मोबाईलवर येतो! भाडेकरूच्या हातात काय असतं? फक्त बटणं. ज्याच्याकडं सगळ्या किल्ल्या, त्याच्यावर शोधायची जबाबदारी.

आता घरमालकांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे, मीही त्यांच्यातलीच आहे. तीन-तीन महिन्यांची बिलं थकवून रात्रीतून सामान हलवणारे भाडेकरू असतात. एकानं गुपचूप एसी बसवला आणि सहा महिने "फक्त पंखा आहे" म्हणून सांगितलं, हेही आमच्याच गल्लीत घडलं. दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट खातो, रात्रभर लावला की महिन्याला तीनशेच्या पुढं जातो. अशा वेळी भाडेकरूनं पै न् पै भरली पाहिजे. पण त्यासाठीसुद्धा हिशोबच लागतो ना? राहायला आला त्या दिवशीचं रीडिंग कुठं लिहिलंय? दर महिन्याचं कुठं आहे? बहुतेक घरमालकांकडं ते नसतं. असतो तो नुसता संशय, आणि डिपॉझिट.

करारनाम्याचंही तसंच. अकरा महिन्यांचा करार, एक स्टॅम्पपेपर, त्यात "लाईटबिल भाडेकरूने भरावे" एवढी एक ओळ, आणि नोंदणी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा, त्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, आणि तो नसेल तर अटींबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं धरलं जाईल. मला हे माहीत नव्हतं. कट्ट्यावर विचारलं तर दहातल्या आठ जणांना माहीत नव्हतं, आणि त्यातले तिघे सरकारी नोकरीतून निवृत्त!

काही जण बिलाच्या वादात भाडेकरूची वीज तोडतात. मेन काढून ठेवतात, फ्यूज खिशात घालून गावाला जातात. त्याच कायद्याचं कलम २९ म्हणतं की वीज, पाणी अशा आवश्यक सोयी घरमालकानं पुरेशा कारणाशिवाय तोडायच्या नाहीत. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्यानं भाडेकरू नव्हेच, असा मुद्दा वकील मंडळी काढतील. काढू देत. पण स्वतः वीज कंपनीलासुद्धा वीज कायदा २००३च्या कलम ५६प्रमाणे थकबाकीसाठी आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. कंपनीला जे करता येत नाही ते आपण जिन्यात उभं राहून एका मिनिटात करतो, आणि वर म्हणतो घर माझं आहे!

तिसरा प्रकार मला सगळ्यात चीड आणणारा. कॉलेजांच्या आसपास मुलांना खोल्या देणारे. एक मीटर, पाच खोल्या, प्रत्येक खोलीला सबमीटर आणि दर ठोकून दहा-बारा रुपये युनिट. विचारलं की उत्तर, "आम्हाला वरचाच दर लागतो." लागणारच! घरगुती विजेचे दर टप्प्यानं चढतात: शंभर युनिटपर्यंत एक, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, मग त्यापुढं. पाच खोल्या प्रत्येकी ८० युनिट वापरत असतील तर वेगळ्या मीटरवर सगळ्या पहिल्याच, स्वस्त टप्प्यात राहतील. एका मीटरवर मिळून ४०० झाले की वरची युनिटं तिसऱ्या टप्प्यात गेली. वेगळे मीटर घेतले तर स्थिर आकार पाच वेळा पडेल, हे खरं. पण मग तो हिशोब मांडून दाखवा, बिलाची प्रत भिंतीवर लावा. ती कुणी लावत नाही, कारण मधला फरक खिशात जातो. गावाकडून आलेलं पोरगं बिल मागायला घाबरतं, एवढ्याच भांडवलावर हा धंदा चालतो.

आणि वेगळा मीटर मागितला तर? "मी एनओसी देणार नाही." सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे की घरमालकानं ना-हरकत पत्र दिलं नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही. वीज ही मूलभूत सोय आहे, आणि अर्जदार त्या जागेत राहतो आहे की नाही एवढंच बघायचं.

एवढं सगळं सांगितलं की कट्ट्यावरचे म्हणतात, "बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता. कोण ठेवत बसणार एवढा हिशोब?"

त्यांना मी २०२०ची आठवण करून देते. लॉकडाऊनमध्ये मार्चअखेरपासून रीडिंग बंद झालं. एप्रिल-मेची बिलं हिवाळ्यातल्या सरासरीवर आली, आणि जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग घेतल्यावर उन्हाळ्याचा सगळा फरक एकदम अंगावर आला. तेव्हा हेच गृहस्थ काय म्हणत होते? "आम्ही एवढी वीज वापरलीच नाही! हिशोब दाखवा! टप्प्यांचा फायदा दिला का ते दाखवा! हप्ते पाडून द्या!" अगदी रास्त होतं ते. महाराष्ट्रभर लोक तेच म्हणत होते. कंपनी म्हणत होती, मीटर खोटं बोलत नाही, तुम्ही घरी होता, पंखे चालू होते. मला त्या वाक्याची फार ओळख पटली. मीच बोलले होते ना ते, दोन वर्षांपूर्वी!

त्या जून महिन्यात आपण सगळेच भाडेकरू झालो होतो. मोठं बिल हातात, आपली चूक नाही अशी खात्री, आणि ऐकून घेणारं कुणी नाही. तेव्हा आपल्याला हिशोब मागायचा हक्क होता, तर वरच्या मजल्यावरच्या पोराला तो का नाही? त्यानं हिशोब मागितला की तो उर्मट कसा ठरतो?

मग मोठं बिल आलं तर करायचं काय? माझ्यापुरता मी नियम केला आहे. मागच्या सहा महिन्यांची खऱ्या रीडिंगची सरासरी काढायची. तेवढं भाडेकरूनं द्यायचं. त्यावरचं, वादाचं जे आहे, ते कारण सापडेपर्यंत घरमालकानं सोसायचं. कारण सापडलं आणि ते भाडेकरूचं निघालं, एसी, शेगडी, काहीही, तर त्यानं ते पूर्ण भरायचं, हवं तर हप्त्यानं. नाही सापडलं तर घरमालकाचं. हा नियम मी हवेतून काढलेला नाही. वीज कायद्यातल्या त्याच कलम ५६मध्ये ग्राहकाला अशीच सोय आहे. बिलाबाबत वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातलं जे कमी असेल ते निषेध नोंदवून भरायचं, म्हणजे वाद मिटेपर्यंत वीज तुटत नाही. जी सवलत कायदा मला कंपनीसमोर देतो, ती मी माझ्या भाडेकरूला द्यायला काय हरकत आहे?

"यात घरमालक बुडेल" असं कुणी म्हणेल. एखाद्या वेळी बुडेलही, दोन-चार हजारांना. पण मग तो त्याच आठवड्यात वायरमनला बोलावेल. मी आठ महिने बोलावलं नाही, कारण पैसे माझे जात नव्हते. पैसे माझे जाऊ लागल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन दारात होता. साऱ्या वादाचं मूळ माझ्या मते एवढंच आहे.

आता आमच्या जिन्याखाली दोन्ही मीटरच्या शेजारी खिळ्याला एक वही टांगली आहे, दोरीला पेन्सिल. एक तारखेला वरचा मुलगा आणि मी, दोघं मिळून दोन्ही रीडिंग लिहितो आणि सही करतो. त्याचं मला दिसतं, माझं त्याला दिसतं. दोन मिनिटं लागतात. गेल्या उन्हाळ्यात त्याचं बिल दीडपट आलं, तो वही घेऊन आला आणि स्वतःच म्हणाला, "काकू, कूलर लावला तेव्हापासनंच वाढलंय." आणि भरलं. वाद नाही, आवाज नाही.

आणि तुम्ही घरमालक असाल तर आजच एक करून बघा. भाडेकरूला सांगून वरचा मेन स्विच पाच मिनिटं बंद करा, खाली जाऊन मीटरसमोर उभे राहा. लाल दिवा थांबला तर उत्तम. लुकलुकत राहिला, तर डिपॉझिटला हात लावायच्या आधी स्वतःच्या बागेतल्या मोटारीची वायर कुठून आली आहे ते बघून या.